शेवटच्या दोन फेऱ्या

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इंडियाना नावाचे एक राज्य आहे. त्या राज्याची राजधानी इंडियानापोलिस. या नगराच्या सीमेवर १९०९ साली मोटारगाड्यांच्या शर्यतीसाठी एक विस्तीर्ण मार्ग बांधण्यात आला. प्रारंभी तो खडी आणि डांबर यांचा होता. परंतु धावत्या गाड्यांखाली तो उखडू लागला आणि अपघातांत माणसे दगावली. तेव्हा त्याच वर्षी सुमारे ३२ लक्ष विटा आणून सारा मार्ग विटांनी फरसबंद करण्यात आला. या मार्गाची एक फेरी अडीच मैलांची, म्हणजे सुमारे चार किलोमीटरांची असते. अशा २०० फेऱ्या पूर्ण केल्या म्हणजे ५०० मैल होतात. १९११ च्या मे महिन्यात येथे पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. युद्धांच्या काळातील खंड सोडला, तर ती शर्यत आजतागायत दरवर्षी होत आली आहे.

या शर्यतीचा पहिला विजेता कोण, दुसरा कोण, हे तेथील जाणकारांना मुखोद्गत असते. परंतु १९१२ सालच्या शर्यतीचा विषय निघाला, की विजेत्याच्या आधी दुसऱ्याच एका पुरुषाचे नाव ओठांवर येते. त्या शर्यतीत त्याचा क्रमांक अकरावा होता. पारितोषिक पहिल्या दहांनाच होते. तरीही लोक त्यालाच का आठवतात? हे समजून घ्यावयाचे, तर त्या पुरुषाचे चरित्र आपण मुळापासून पाहिले पाहिजे.

त्याचे नाव राल्फ डी पाल्मा. इटली देशाच्या दक्षिण भागात आपुलिया नावाचा प्रांत आहे. तेथील बिक्कारी या डोंगराळ भागातल्या लहानशा गावी १८८२ साली त्यांचा जन्म झाला. आईबापांनी त्यांचे नाव राफाएले ठेवले होते. त्या काळी दक्षिण इटलीत दारिद्र्य फार होते. कसण्यास जमीन थोडी, हातांना काम त्याहून थोडे. त्यामुळे सहस्रावधी इटालियन कुटुंबे आपले गाव सोडून आगबोटीने अमेरिकेस जात. डी पाल्मा कुटुंबानेही तोच मार्ग धरला. राफाएले तेव्हा लहान मुलगा होता. न्यू यॉर्कसारख्या अफाट नगरात नवी भाषा, नवी माणसे आणि नव्या चालीरीती यांच्याशी त्याला जुळवून घ्यावे लागले. तेथेच राफाएलेचा राल्फ झाला.

तरुणपणी राल्फला वेगाचे वेड लागले. प्रथम ते सायकलच्या शर्यतींत उतरले. पुढे यंत्रावर चालणाऱ्या दुचाकी आल्या, तेव्हा त्यांनी त्या चालविल्या. त्यानंतर मोटारगाडीचे चक्र त्यांच्या हाती आले आणि मग ते त्यांनी आयुष्यभर सोडले नाही. यंत्राचा ध्वनी नुसता ऐकून त्यात कोठे बिघाड आहे, हे ओळखण्याची दृष्टी त्यांनी कमावली होती. पंचविशी ओलांडल्यानंतर काही थोड्या वर्षांतच अमेरिकेतील नामांकित चालकांत त्यांची गणना होऊ लागली. १९११ च्या पहिल्या पाचशे मैलांच्या शर्यतीत ते सहावे आले.

त्या काळची शर्यतीची गाडी कशी असे, हे येथे सांगितले पाहिजे. आज आपण रस्त्यावर पाहतो, तशी ती बंदिस्त नसे. तिला छप्पर नसे, दारे नसत, आणि चाके तर अंगाबाहेर पूर्णपणे उघडी असत. चालकाच्या शेजारी आणखी एक मनुष्य बसे. तो यांत्रिक. इंधनाच्या टाकीत हाताने हवा भरून दाब राखणे, तेलावर लक्ष ठेवणे, टायर झिजले की काय ते पाहणे आणि मागून कोणती गाडी येत आहे हे चालकास सांगणे, ही त्याची कामे. दोघांच्याही डोक्यावर कापडाची टोपी आणि डोळ्यांवर चष्मा, एवढेच काय ते संरक्षण. आसनाला बांधून घेण्याचा पट्टा नव्हता. गाडी उलटली, तर दोघेही बाहेर फेकले जात. तोंडावर तेलाचे शिंतोडे उडत, विटांच्या मार्गावर हाडे खिळखिळी होत आणि असे सहा-सहा तास एकसारखे चक्र धरून बसावे लागे. या शर्यतीत केवळ धाडस पुरेसे नव्हते. तेथे शरीरबळ, यंत्राचे ज्ञान आणि मनाचा समतोल ही तिन्ही लागत.

३० मे १९१२ चा दिवस उजाडला. इंडियानापोलिसच्या मार्गाभोवती हजारो प्रेक्षक दाटीवाटीने बसले होते. सकाळी १० वाजता २४ गाड्या निघाल्या. पहिल्या दोन फेऱ्या टेडी टेट्झलाफ यांची फियाट गाडी पुढे होती. तिसऱ्या फेरीत डी पाल्मा यांनी आपल्या करड्या रंगाच्या मर्सिडीस गाडीने तिला मागे टाकले. ही गाडी जर्मनीत बनलेली होती. तिच्या यंत्रात चार मोठे सिलिंडर होते. डी पाल्मा यांच्या शेजारी रुपर्ट जेफकिन्स हा ऑस्ट्रेलियाचा यांत्रिक बसला होता.

तिसऱ्या फेरीपासून जे ते पुढे गेले, ते पुढेच राहिले. पन्नास फेऱ्या झाल्या, शंभर झाल्या, दीडशे झाल्या. कोणाचे टायर फुटले, कोणाचे यंत्र तापले, कोणी मार्ग सोडून भिंतीवर आदळला. मर्सिडीस मात्र घड्याळाच्या काट्यासारखी नियमित फिरत होती. हळूहळू डी पाल्मा आणि त्यांच्यामागील गाडी यांत पाच फेऱ्यांहूनही अधिक अंतर पडले. दुसऱ्या स्थानी ज्यो डॉसन हा इंडियानापोलिसचाच एक तरुण नॅशनल बनावटीची गाडी चालवीत होता. त्याचे वय अवघे २२ वर्षांचे. तो वेगाने येत होता खरा; परंतु पाच फेऱ्यांचे अंतर भरून निघेल असे त्यालाही वाटले नसेल. शर्यतीचा निकाल लागल्यातच जमा आहे, असे समजून काही प्रेक्षक घरी जाण्यास निघाले होते.

एवढ्यात, अखेरच्या काही फेऱ्या उरल्या असता, मर्सिडीसच्या यंत्रातून निराळाच आवाज येऊ लागला. डी पाल्मा यांच्या कानांनी तो तत्काळ टिपला. यंत्रात दट्ट्या वरखाली होतो आणि एक पोलादी दांडा त्या दट्ट्याची गती मुख्य आसाला पोहोचवितो. या दांड्याला जोडदांडा म्हणतात. तो जोडदांडाच तुटला होता. तुटलेल्या पोलादाने यंत्राच्या खालच्या पेटीला भोक पाडले आणि तेल बाहेर वाहू लागले. विटांवर तेलाची काळी रेघ उमटली.

गाडी थांबवून उपयोग नव्हता, कारण ती दुरुस्त होणे शक्यच नव्हते. डी पाल्मा यांनी वेग कमी केला आणि जखमी जनावराला चुचकारीत न्यावे तशी ती गाडी पुढे नेली. एक फेरी झाली, आणखी एक झाली. मर्सिडीस रखडत, धापा टाकीत, चालत्या बैलगाडीची आठवण करून देत सरकत होती आणि डॉसनची गाडी गर्जना करीत तिच्या शेजारून पुनःपुन्हा जात होती. दर वेळी मधले अंतर एका फेरीने घटत होते. अखेर १९८ फेऱ्या पूर्ण झाल्यावर, १९९ वी चालू असताना, यंत्र बंद पडले. गाडी मार्गावर उभी राहिली.

हातातोंडाशी आलेला घास गेला. १९६ फेऱ्या ज्याने सर्वांच्या पुढे राहून काढल्या, त्याला शेवटच्या दोन फेऱ्या मिळाल्या नाहीत.

अशा क्षणी मनुष्य काय करतो? कोणी संतापून चाकावर लाथ मारील. कोणी डोके धरून रस्त्याच्या कडेला बसेल. कोणी यांत्रिकाला बोल लावील, तर कोणी दैवाला. राल्फ डी पाल्मा यांनी यांपैकी काहीही केले नाही. ते गाडीतून खाली उतरले. जेफकिन्सही उतरला. दोघांनी गाडीला खांदा दिला आणि एक टनाहून अधिक वजनाची ती करडी गाडी ते विटांवरून समाप्तिरेषेकडे ढकलू लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गाडी अशी ढकलून नेण्याने त्यांना काही मिळणार नव्हते. गाडीने स्वतःच्या यंत्राच्या बळावर अंतर तोडले पाहिजे, असा शर्यतीचा नियम होता आणि डी पाल्मा यांना तो ठाऊक होता. शिवाय ती फेरी पूर्ण झाली असती, तरी आणखी एक फेरी उरणारच होती. पारितोषिकाची आशा नव्हती, क्रमांकाची नव्हती. तरी ते ढकलीत राहिले. सहा तासांच्या श्रमाने शरीर थकलेले, चेहरा तेलाने आणि धुळीने माखलेला, वर मे महिन्यातले ऊन. आपण हाती घेतलेले काम आपल्या हातांनी जेवढे पुढे नेता येईल तेवढे नेऊन ठेवावयाचे, एवढेच जणू त्यांनी ठरविले होते.

प्रेक्षकांच्या हे ध्यानी येताच मैदानात प्रथम शांतता पसरली आणि मग जो जयघोष उसळला, तो विजयी डॉसनच्या वाट्याला आलेल्या जयघोषाहून काही कमी नव्हता. डी पाल्मा यांच्या मुद्रेवर त्या वेळी स्मित होते. गाडी ढकलीत असलेल्या त्या दोघांचे छायाचित्र कोणी घेतले. आज शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी ते छायाचित्र पुस्तकांतून पाहावयास मिळते.

डॉसनने ती शर्यत ताशी सरासरी ७८.७२ मैल, म्हणजे सुमारे १२७ किलोमीटर वेगाने जिंकली. त्याला २०,००० डॉलरांचे पारितोषिक मिळाले. संपूर्ण शर्यतीत तो केवळ अखेरच्या दोन फेऱ्या पुढे होता. याचा अर्थ तो विजय फुकटचा होता, असा मात्र नव्हे. पाच फेऱ्या मागे असतानाही ज्याने धीर सोडला नाही आणि गाडीला सांभाळून शेवटपर्यंत आणले, त्यालाच दैवाने दिलेली संधी घेता आली. पहिल्या दहांना पारितोषिके होती. पण ती घेण्यासाठी प्रत्येकाने सर्व २०० फेऱ्या पूर्ण करणे आवश्यक होते. दहावा आलेला राल्फ मलफोर्ड आपल्या फेऱ्या पुऱ्या करण्यासाठी ८ तास ५३ मिनिटे मार्गावर फिरत राहिला. तो थांबला तेव्हा डॉसनचा विजय होऊन अडीच तास झाले होते. १९८ फेऱ्या करणारे डी पाल्मा अकरावे ठरले आणि पारितोषिकास मुकले.

या आघाताने एखादा खचून गेला असता. डी पाल्मा यांनी गाडी दुरुस्त करून घेतली आणि ते पुढल्या शर्यतींच्या तयारीस लागले. ऑगस्टच्या अखेरीस शिकागोजवळील एल्जिन येथे मोठ्या शर्यती झाल्या; तेथील राष्ट्रीय करंडक त्यांनी त्याच मर्सिडीसने जिंकला. मग ऑक्टोबर महिन्यात मिशिगन सरोवराच्या काठी वसलेल्या मिलवॉकी नगराजवळ दोन नामांकित शर्यती भरल्या. पहिली व्हँडरबिल्ट करंडकाची आणि दुसरी ग्रँड प्राइझ या नावाची. या शर्यती विटांच्या बांधीव मार्गावर नव्हत्या. खेड्यांतील अरुंद रस्त्यांवर, दुतर्फा शेते असलेल्या वाटांवर त्या धावावयाच्या होत्या. सरावातच डेव्हिड ब्रूस-ब्राउन हा उमदा चालक आणि त्याचा यांत्रिक असे दोघेही अपघातात मरण पावले. अशा उदास वातावरणात २ ऑक्टोबर रोजी व्हँडरबिल्ट करंडकाची शर्यत झाली आणि ती डी पाल्मा यांनी जिंकली.

तीनच दिवसांनी, ५ ऑक्टोबर रोजी, ग्रँड प्राइझची शर्यत होती. अखेरच्या फेरीत कॅलेब ब्रॅग हा फियाट गाडीचा चालक पुढे होता आणि डी पाल्मा त्याच्या मागोमाग येत होते. मिळाली तर हीच शेवटची संधी, असे पाहून त्यांनी ब्रॅगला ओलांडण्याचा प्रयत्न केला. रस्ता अरुंद होता. दोन्ही गाड्यांची उघडी चाके एकमेकांस लागली. मर्सिडीस रस्त्याबाहेर उडाली. डी पाल्मा आणि त्यांचा यांत्रिक बाहेर फेकले गेले. डी पाल्मा यांना गंभीर दुखापत झाली. ते वाचतात की नाही, अशी चिंता उपस्थितांना वाटू लागली.

अपघात झाला, की दोष कोणाचा याची चर्चा सुरू होते. ब्रॅगने मुद्दाम वाट अडविली, असे म्हणणारेही कोणी निघालेच असते. आणि मरणाच्या दारी पडलेल्या मनुष्याने होकारार्थी मान हलविली असती, तर ब्रॅगच्या नावाला जन्मभराचा डाग लागला असता. परंतु त्या असह्य वेदनांतही डी पाल्मा यांनी भोवतालच्या लोकांस बजावून सांगितले, की या अपघातात ब्रॅगचा काही दोष नाही. त्याने आपणास जाण्यापुरती वाट दिली होती. इंडियानापोलिस येथे त्यांनी गाडी ढकलली, त्यात त्यांची चिकाटी दिसली. मिलवॉकीच्या शेतात पडून त्यांनी प्रतिस्पर्ध्याची बाजू सांभाळली, त्यात त्यांच्या मनाचे औदार्य दिसले. पहिल्या गोष्टीला बळ लागते. दुसरीला त्याहून मोठे बळ लागते.

या मोसमाची कथा येथे संपत नाही. त्या काळी अमेरिकेतील मोटार शर्यतींवर अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या संस्थेची देखरेख असे. परंतु वर्षभरातील सर्व शर्यतींचे गुण एकत्र करून राष्ट्रीय विजेता ठरविण्याची पद्धत १९१२ साली अमलात नव्हती. कित्येक वर्षे लोटल्यावर जुन्या निकालांवरून गुणांची बेरीज करण्यात आली. तेव्हा १९१२ सालचा राष्ट्रीय विजेता म्हणून जे नाव निघाले, ते राल्फ डी पाल्मा यांचे होते. ज्या मोसमात त्यांनी सर्वांत मोठी शर्यत दोन फेऱ्यांनी गमावली आणि ज्याचा शेवट रुग्णालयात झाला, तोच मोसम त्यांच्या नावावर लागला.

जखमा बऱ्या होण्यास वेळ लागला. तरीही आठ महिन्यांच्या आत, १९१३ च्या मे महिन्यात, ते पुन्हा इंडियानापोलिसच्या मार्गावर उभे होते. या वेळी ते मर्सर कारखान्याच्या संघात होते. त्या वर्षी यश आले नाही. पुढे त्याच संघात बार्नी ओल्डफील्ड या प्रसिद्ध चालकाला घेण्यात आले. आपल्याला न विचारता हा निर्णय झाल्याचे पाहून डी पाल्मा संघाबाहेर पडले. हाताशी नवी गाडी नव्हती. तेव्हा त्यांनी पुन्हा जुनी करडी मर्सिडीस जवळ केली आणि १९१४ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे व्हँडरबिल्ट करंडकासाठी ओल्डफील्डशी सामना दिला. ओल्डफील्डची गाडी अधिक वेगवान होती. डी पाल्मा यांनी मात्र आपले टायर जपून वापरले होते. शर्यत संपत आली असता, पुढील फेरीत आपण थांबणार अशी खूण त्यांनी ओल्डफील्डला दिसेल अशा बेताने केली, असे सांगतात. ते पाहून ओल्डफील्डही आपले झिजलेले टायर बदलण्यास निश्चिंतपणे थांबला. डी पाल्मा थांबलेच नाहीत! करंडक पुन्हा त्यांच्याकडे आला. उदार मनाचा मनुष्य चतुर नसतो, असे थोडेच आहे? पुढील गणनेत १९१४ चे राष्ट्रीय विजेतेपदही त्यांच्याच नावावर लागले.

त्याच वर्षी ते युरोपात गेले. महायुद्धाचा भडका उडण्यापूर्वी त्यांनी एक नवी मर्सिडीस मिळविली आणि ती अमेरिकेस आणली. ३१ मे १९१५ रोजी तीच गाडी घेऊन ते इंडियानापोलिसला उतरले. प्यूजो गाडीचा चालक डारिओ रेस्टा याने त्यांना चांगलीच झुंज दिली. अखेर डी पाल्मा पुढे निघाले. आता थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या. आणि काय चमत्कार पाहा! शेवटच्या तीन फेऱ्या राहिल्या असता यंत्रातून तोच परिचित, भयंकर आवाज आला. पुन्हा जोडदांडा तुटला होता!

तीन वर्षांपूर्वीचे दृश्य प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. डी पाल्मा यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. परंतु त्यांचे हात थरथरले नाहीत. चारांपैकी तीन सिलिंडरांवर, वेग आवरून, कानांत प्राण आणून त्यांनी गाडी चालविली. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसरीही झाली. या वेळी यंत्राने दगा दिला नाही. समाप्तिरेषेवर विजयाचे निशाण फडकले. त्यांची सरासरी गती ताशी ८९.८४ मैल, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटर होती. हा विक्रम १९२२ पर्यंत कोणासही मोडता आला नाही.

यानंतरही त्यांनी अनेक पराक्रम केले. १२ फेब्रुवारी १९१९ रोजी फ्लॉरिडातील डेटोना येथे, समुद्रकाठच्या वाळूवर, त्यांनी पॅकार्ड गाडी ताशी १४९.८७५ मैल वेगाने पळविली. म्हणजे ताशी २४१ किलोमीटर! तेव्हा जगात जमिनीवर त्याहून अधिक वेग कोणी नोंदविला नव्हता. १९२१ साली फ्रान्समधील ले मान्स येथे झालेल्या ग्राँ प्रि शर्यतीत ते दुसरे आले. तेथे जिमी मर्फी हा त्यांचाच देशबंधू पहिला आला.

इंडियानापोलिसचे दैव मात्र त्यांच्यावर फारसे प्रसन्न झाले नाही. १९२० साली ते पुन्हा पुढे होते आणि १३ फेऱ्या उरल्या असता गाडी बंद पडली. कशीबशी ती पुन्हा चालू झाली आणि ते पाचवे आले. १९२१ साली तर त्यांनी १०८ फेऱ्या आघाडीवर काढल्या आणि यंत्राने पुन्हा घात केला. सर्व वर्षे मिळून या मार्गावर ते ६१२ फेऱ्या सर्वांच्या पुढे होते. हा आकडा ओलांडण्यास दुसऱ्या चालकाला १९८७ साल उजाडावे लागले. इतक्या फेऱ्या पुढे राहूनही त्यांना तेथे विजय मिळाला तो एकदाच.

त्यांचा भाचा पीटर डीपाओलो हा काही काळ त्यांच्या शेजारी यांत्रिक म्हणून बसत असे. १९२० साली गाडी बंद पडली, तेव्हा इंधन आणण्यासाठी धावत सुटला होता तो हाच. मामाच्या शेजारी बसून त्याने गाडी चालविण्याची विद्या आत्मसात केली. १९२५ च्या पाचशे मैलांच्या शर्यतीत मामा आणि भाचा दोघेही उतरले. भाचा पहिला आला आणि ताशी १०० मैलांहून अधिक सरासरी गतीने ती शर्यत जिंकणारा तो पहिलाच पुरुष ठरला. मामा सातवे आले. वय ४२ वर्षांचे. इंडियानापोलिस येथील त्यांची ती अखेरची शर्यत होती. शिष्याने गुरूला मागे टाकावे आणि गुरूने ते आपल्या डोळ्यांनी पाहावे, यासारखा दुसरा आनंद कोणता?

३१ मार्च १९५६ रोजी कॅलिफोर्नियातील साउथ पॅसाडेना येथे राल्फ डी पाल्मा यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ७३ वर्षांचे होते.

इंडियानापोलिसच्या मार्गावरील विटा आज डांबराखाली झाकल्या गेल्या आहेत. समाप्तिरेषेवर मात्र एक वार रुंदीचा जुन्या विटांचा पट्टा उघडा ठेवला आहे. विजेते चालक गुडघे टेकून त्या विटांचे चुंबन घेतात. त्याच रेषेकडे १९१२ साली एक मनुष्य आपली मोडकी गाडी ढकलीत आला होता.

यश हे पुष्कळदा आपल्या हाती नसते. पोलादाचा एक दांडा कधी तुटेल, हे कोणाला सांगता येईल? परंतु दांडा तुटल्यावर आपण कसे वागावयाचे, हे सर्वस्वी आपल्या हाती असते. राल्फ डी पाल्मा यांना शर्यती जिंकता येत होत्या, म्हणून लोक त्यांना मोठे मानीत. त्यांना हरताही येत होते, म्हणून लोक त्यांना अजून विसरलेले नाहीत.

स्वाध्याय

१. १९१२ च्या शर्यतीत प्रेक्षकांना निकाल लागल्यासारखे का वाटू लागले होते?
२. गाडी ढकलून नेण्याने काही लाभ होणार नव्हता, हे कशावरून कळते? तरीही डी पाल्मा यांनी ती का ढकलली असेल?
३. मिलवॉकी येथील अपघातानंतर डी पाल्मा यांनी लोकांस काय बजावले? त्यावरून त्यांचा कोणता गुण दिसून येतो?
४. १९१२ आणि १९१५ या दोन शर्यतींतील साम्य व भेद लिहा.
५. पुढील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : हातातोंडाशी आलेला घास जाणे; धीर न सोडणे; कानांत प्राण आणणे; खांदा देणे.
६. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या सामन्यात हरलेल्या खेळाडूने दाखविलेल्या उमदेपणाविषयी दहा ओळी लिहा.